चौथ्या कोपऱ्यातला घास

थांबा मित्रांनो, आधी हात दाखवा. ओले नाहीत ना? तेलकट? बरं, मग बसा जवळ, पण माझी कड ओढू नका. मी जानेफळची जुनी गोधडी आहे आणि मला पटकन कोणाचा भरवसा वाटत नाही. हा दोष माझ्या जन्मातच आहे. माझा वरचा हिरवा थर कौशल्याबाईंच्या लुगड्याचा, त्याखाली त्यांचे यजमान मोतीराम पाटील यांचं धोतर, आणि अगदी मधोमध मोतीरामच्या वडिलांचं, महादेवरावांचं पागोटं. हे महादेवराव म्हणजे दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणारे, आणि चार पावलं गेल्यावर पुन्हा मागे फिरणारे. त्यांचा सगळा घाम त्या पागोट्यात मुरलेला. मग माझा स्वभाव कसा असणार, तुम्हीच सांगा.

माझा जन्म झाला तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोतीरामच्या घरी येणाऱ्या कागदांवर नागपूरचा शिक्का असे. मला शिवलं सोजराबाईनं. गावाच्या कडेला तिचं दोन खणांचं घर होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मेहकरपासून खामगावपर्यंत लोक तिच्याकडे जुनेर घेऊन येत. शिलाईबद्दल ती ज्वारी घेई आणि वर एक मागणं मागे. म्हणे, घरातली सगळ्यात फाटकी गोधडी मला द्या.

आता हे मागणं विचित्रच नाही का? चांगलं मागणारी माणसं सगळीकडे असतात. फाटकं मागणारी ही एकटीच. लोक गोधडी देत, पण मागे कुजबुजत. मेलेल्या माणसांच्या अंगाखालचं कापड ही बाई काऊन नेते? कोणाला वाटे आतलं सोनं शोधते, कोणाला वाटे आणखी काही. खरं सांगते, मलाही ते बरं वाटलं नव्हतं. मी अर्धी शिवून तिच्या मांडीवर पडले होते आणि समोर वलणीवर टांगलेल्या त्या सत्तावीस म्हाताऱ्या गोधड्या माझ्याकडे बघत होत्या. एकीलाही धड कड नव्हती. आपलंही पुढे हेच होणार का, या विचारानं माझा दोरा आखडत होता.

त्या गोधड्या कशासाठी होत्या, ते मला ताहेरा आल्यावर कळलं. ताहेरा म्हणजे जब्बार पिंजाऱ्याची सून. जब्बार गावचा कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. सुनेला गोधडी शिकायची आहे म्हटल्यावर तो दोनदा काहीतरी निमित्त काढून दारात येऊन उभा राहिला. आत काय चाललंय ते बघून गेला. गाद्यांची गिऱ्हाइकं गोधडीकडे वळवायचा हा डाव तर नाही ना, अशी त्याला शंका. इकडे गावातल्या बायकांना दुसरीच शंका, की पिंजाऱ्याची सून या एकट्या बाईकडे रोज जाते ती नेमकं शिकते काय.

सोजराबाई शिकवायची कशी, ते ऐका. पाटी नाही, खडू नाही. ती वलणीवरची एकेक गोधडी काढायची आणि ताहेराच्या पुढ्यात उलटी पसरायची.

"हे पाह्य. हा हात मेहकरकडचा. कोपऱ्यावर आली का बाई टाका बारीक करते. अन् ही माह्या मायची, तानुबाईची. हिचा टाका सरळ जाते, कुठंच चुकत नाही. मायले जाऊन वीस वर्सं झाली, पण हात अजून हाये. लाव बोट."

ताहेरानं बोट लावलं. "मावशी, म्हणून जमा करता काय या?"

"मंग कशाले? लोकाईले वाटते मी चिंध्या जमवते. मी हात जमवते."

हे मी कानांनी ऐकलं. तरी माझं मन निवळलं नाही बरं का. पागोटं ते पागोटंच.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगते, कारण सगळी भानगड त्यातूनच झाली. सोजराबाई म्हणायची, गोधडी उपाशी द्यायची नाही. जी माणसाला आयुष्यभर ऊब देणार, तिच्या पोटात आधी काही पडायला हवं. म्हणून चारही कोपऱ्यांत चिंधीत बांधलेला भाकरीचा तुकडा जायचा. भाकरीचा पुढे चुरा होतो आणि हाताला काही लागत नाही. उंदरांना मात्र हा रिवाज फार आवडतो. पण नेम असा, की जी बाई कोपरा शिवेल तिनं आपल्या घासातला घास घालायचा. दुसऱ्याच्या ताटातला चालत नाही.

माझे तीन कोपरे सोजराबाईनं शिवले. चौथा ताहेराला दिला. तिच्या आयुष्यातला तो पहिला कोपरा. "नीट शिव, अन् घास विसरू नको," एवढं सांगून सोजराबाई पाण्याला गेली. ताहेरा उठून घरी पळाली, धापा टाकत परत आली, तोंड भिंतीकडे करून बसली आणि चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी माझ्या कोपऱ्यात सरकवलं. ते टणक होतं. लांबट होतं. भाकरी तर नक्कीच नव्हती. मी म्हटलं, झालं. इतके दिवस गोड बोलून शेवटी आपल्या अंगात हिनं काय घातलं?

मला कौशल्याबाईंच्या घरी पोचवलं. त्यांची लेक विमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्यासाठीच मी. फाल्गुनात तिला मुलगा झाला. गोरंगोमटं, मुठी आवळून झोपणारं पोर. त्याची ऊब मला लागायची आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपण चांगल्या कामाच्या आहोत.

बाळ महिन्याचं झालं आणि रडायला लागलं. अंग तापलेलं, दूध ओढेना. दोन दिवस झाले, तीन झाले. विमलचे डोळे खोल गेले. शेजारची झुंबरबाई बघायला आली, माझ्यावर टेकली आणि तिचा हात नेमका चौथ्या कोपऱ्यावर पडला.

"विमले, इथं काय हाये वं?" तिनं दाबून पाहिलं. "हाड लागते."

कौशल्याबाईंनी बाळाला झटकन उचललं. मग एकेक आठवू लागलं. फाटक्या गोधड्या मागणारी बाई. मूल नसलेली बाई. हिचं दार कायम लोटलेलं काऊन असते? जो तो आपली शंका काढून दुसऱ्याच्या शंकेला जोडत होता, आणि शेवटी त्याची चांगली लांबरुंद करणी तयार झाली. मला तोंड असतं तर मी काय बोलले असते? लाज वाटते सांगायला, मी त्यांच्यासारखंच बोलले असते. मीसुद्धा त्या कोपऱ्यापासून अंग चोरतच होते.

सकाळीच मला काठीच्या टोकावर घेऊन सगळे सोजराबाईच्या अंगणात गेले. पुढे मोतीराम, मागे कौशल्याबाई आणि झुंबरबाई, आणि त्यांच्यामागे अर्धी आळी.

"यात काय घातलं तुम्ही?" कौशल्याबाईंनी विचारलं.

सोजराबाईनं कोपरा हातात घेतला. टाक्यांवरून अंगठा फिरवला. हात ओळखणारी बाई ती. हा टाका आपला नाही, ताहेराचा आहे, हे तिला तिथंच कळलं. आत काय आहे ते मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं एकदा जब्बारच्या घराकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही नाव घेणार आणि सुटणार.

"घास हाये," ती म्हणाली. "चारही कोपरे मीच शिवले."

"घास असा टणक राह्यते?"

"उसवून पाहा मंग."

कोणी पुढे झालं नाही. झुंबरबाई म्हणाली, उसवलं तर आतलं बाहेर येईल आणि ज्याच्या हातून उसवेल त्याच्या घरात जाईल. मग मोतीराम म्हणाला, न उसवताच जाळू, आणि घरातल्या त्या सगळ्याही जाळू. पोरगं वाचलं पाहिजे, बाकी मला काही ठाऊक नाही. वलणीवरच्या गोधड्या अंगणात आल्या. घासलेट शिंपडलं गेलं. पहिली पडली ती तानुबाईची, सरळ टाक्याची. सोजराबाईनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग मेहकरची पडली. मग आणखी एक. जुनं कापड फार लवकर पेटतं, मित्रांनो. सोजराबाईला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

धूर बघून ताहेरा धावत आली. केसांत कापूस, हातात कापूस. मागून जब्बार. "चल घर, बहू," तो म्हणत होता, "अपना क्या काम इधर." ती थांबली नाही. काठीवरून तिनं मला खाली ओढलं.

"हा कोपरा माह्या हातचा हाये. मावशी खोटं बोलून राह्यल्या."

"ताहेरा, तू घरी जाय," सोजराबाई म्हणाली.

"नाही जात." तिनं चौथ्या कोपऱ्याचा दोरा दातांनी तोडला. बायका दोन पावलं मागे सरल्या. माझे टाके एकेक करून सुटले, आणि चिंधीतून जे तिच्या तळहातावर पडलं ती होती एक खारीक. सुकलेली, सुरकुतलेली, साधी खारीक.

"रोजे चालू होते," ताहेरा म्हणाली. "मावशी म्हणे आपल्या घासातला घास घाल. दिवसा माह्यापाशी कुठला घास? रोजा सोडाले ठेवलेली एक खारीक होती, थे घातली. त्या दिवशी रोजा पाण्यावर सोडला मी. सांगतलं नाही, का मावशी म्हणतील भाकर काऊन नाही घातली."

आणि सगळ्यांच्या देखत तिनं ती खारीक तोंडात टाकली. कडाक्कन आवाज आला. ती चावत राहिली, कौशल्याबाईंकडे बघत, शांतपणे, आणि गिळली. मग बी काढून तळहातावर धरली.

कौशल्याबाई त्या बीकडे बघत राहिल्या. महिनाभर त्यांनी स्वतःच्या हातानं खारका कुटून बाळंतिणीच्या लाडवांत घातल्या होत्या. घरातली खारीक त्यांना ओळखीची होती, गोधडीतली नव्हती. त्या खाली बसल्या आणि आगीकडे हात करून म्हणाल्या, "विझवा वं कोणी."

विझवली. चोवीस वाचल्या. बाळाला मेहकरच्या डॉक्टरांकडे नेलं, त्याच्या कानात फोड आला होता. तो फुटला आणि पोर चार दिवसांत हसायला लागलं. पण तानुबाईचा हात गेला तो गेलाच. सोजराबाई नंतर पुष्कळ दिवस वलणीच्या त्या रिकाम्या जागेकडे बघायची.

कौशल्याबाई मला घेऊन सोजराबाईकडे परत आल्या. म्हणाल्या, कोपरा शिवून द्या. सोजराबाईनं मला ठेवून घेतलं आणि त्यांना दुसरी शिवून दिली. माझा कोपरा मात्र तिनं शिवला नाही. ताहेराकडून ती बी मागून घेतली, कोपऱ्यात टाकली आणि म्हणाली, "हा आता उघडाच राहील. ज्याले शंका आली त्यानं बोट घालून पाहावं."

सोजराबाई गेली. ती वलणी आता ताहेराच्या घरात आहे, आणि तिचेही केस पिकलेत. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींपुढे ती सगळ्यात आधी मला उलटी पसरते. तीन कोपरे सोजराबाईचे, ते बंद आहेत.

चौथा तुमच्यासाठी आहे, मित्रांनो. मी संशयी आहे, मरेपर्यंत संशयीच राहणार, तुम्हीही खुशाल राहा. फक्त काही जाळायच्या आधी एक टाका उसवून बघत जा. चला, घाला बोट. लागलं ना काहीतरी टणक? घाबरू नका. एका उपाशी बाईनं मला दिलेला घास आहे तो.