सहाशे मेंढ्यांचा सिफिस

मेंढ्यांमागे सरकारी अनुदान कुणाला किती मिळतं ते गावात उघड लावा, असा वरून हुकूम आला आणि कॉफीखान्याच्या दारावर यादी चिकटली. सगळ्यात वर सिफिसचं नाव, त्यापुढे त्यानंच लिहून दिलेल्या सहाशे मेंढ्या. त्याच्या मेंढवाड्यात होत्या त्रेचाळीस. आता बोंबला!

सिफिसच्या हातातली कॉफी गार झाली. आज ना उद्या कुणीतरी तक्रार करणार, मग कोर्ट, मग तुरुंग. पण क्रीटच्या डोंगरात चुगलखोराला कुणी दारात उभं करत नाही. तक्रार झालीच नाही. उलट चुलतभाऊ मानुसोस पाठीवर थाप मारत म्हणाला, "लेका सिफिस, लपवून ठेवलंस की! पोरीचं लग्न आहे, पंधराशे माणूस जेवणार. वीस मेंढ्या तुझ्याकडून धरतो."

"वीस?"

"सहाशेतल्या वीस रे बाबा! थोरलीच्या लग्नात चीजचा एक गोळा घेऊन आला होतास, ते आम्ही पोटात घातलं."

नाही म्हणावं तर कारण सांगावं लागतं. वीस गेल्या. मग पाद्रीबाबा आले, संताच्या जत्रेसाठी बारा घेऊन गेले आणि वर आशीर्वाद देऊन गेले. मग गावप्रमुखांनी नातवाच्या बाप्तिस्म्याला त्याला धर्मपिता केलं. केवढा मान! त्या मानाच्या दहा.

राहिली एकटी कानेला मेंढी. जन्मतःच तिची आई मेली, तेव्हा सिफिसनं तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. त्याची शिट्टी ऐकली की ती डोंगर उतरून धावत यायची.

"हिला कुणी मागितलं ना, तर सगळं खरं सांगून टाकीन," तो बायकोला म्हणाला.

"सांगा की," अर्गिरो म्हणाली. "मेंढवाडा रिकामा झाल्यावर बरी अक्कल सुचली तुम्हाला!"

तेवढ्यात पत्र आलं. यादी शहरातही कुणीतरी वाचली होती. गुरुवारी अनुदान खात्याचे साहेब मेंढ्या मोजायला येणार होते.

आता एका मेंढीच्या सहाशे कशा करायच्या? पण गाव धावून आलं, अगदी खरं सांगतो. आज साहेब सिफिसला धरेल, तर उद्या यादीतल्या दुसऱ्या नावाकडे येईल, एवढं सगळ्यांनाच कळत होतं. गुरुवारी सकाळी चहूकडून घंटा वाजू लागल्या आणि घराघरातली मेंढरं सिफिसच्या रानात येऊन उभी राहिली.

साहेबांनी दोनदा मोजली. सहाशे चार!

"चार जास्तच आहेत," साहेब भारावून म्हणाले. "असा प्रामाणिक माणूस मी आजवर पाहिला नाही." त्यांनी सही केली आणि ते निघाले.

"बसा हो साहेब!" मानुसोस ओरडला. "सहाशे मेंढ्यांच्या मालकाच्या दारातून पाहुणा उपाशी जाणार? आमच्या गावाची अब्रू जाईल!"

साहेब बसले. सिफिसनं कळपावर नजर फिरवली. ही मानुसोसची, ती गावप्रमुखांची, ती काळी पाद्रीबाबांची. कुंपणाला टेकून जो तो आपापल्या मेंढीवर डोळा ठेवून उभा होता.

अर्गिरोनं पातेलं चुलीवर चढवलं आणि नवऱ्याकडे न बघता सुरी पुढे केली.

सिफिसनं शिट्टी वाजवली. त्या सगळ्या कळपातून एकच मेंढी मान वर करून त्याच्याकडे धावत आली.