पांढऱ्या सदऱ्यांवर माझा रंग

मी डॅशबोर्ड बोलतोय. होय, तोच, ज्याच्यावर तुम्ही टोलच्या पावत्या, गॉगल, शेंगदाण्याची अर्धी पुडी आणि देव, असं सगळं एकाच रांगेत मांडता. गाडीत बसलेला माणूस तासन्‌तास माझ्याकडे तोंड करून बसतो, पण माझी विचारपूस म्हणाल तर शून्य. म्हणून म्हटलं, आता आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लॅस्टिक साच्यात गेलं आणि मी बाहेर पडलो, अगदी बदामी रंगाचा. दारांच्या आतल्या बाजू आणि रेक्झीनच्या सीटा याही त्याच रंगाच्या. शोरूममध्ये लोक आत डोकावायचे आणि म्हणायचे, आत काय उजेड आहे! तेव्हा माझा तोरा असा होता की विचारू नका.

पहिला मालक पुण्याचा. त्यानं सात वर्षं मला झाडून-पुसून वापरलं आणि एक दिवस विकून टाकलं. मी आलो कामथडीला, हनुमंत आबांच्या दारात. आबा सत्तरीच्या पुढचे, शेतकरी, स्वभावानं मऊ आणि तितकेच हट्टी. गाडी चालवायची त्यांची सून स्नेहल. ती भोरला पंचायत समितीत नोकरीला होती.

आता बदामी रंग आणि शेतकऱ्याचं घर, यांचं कधी जमलंय का? टोमॅटोचे क्रेट काय, खताच्या गोण्या काय, चिखलाचे पाय काय! त्यात शेजारचे गेनबा. स्वतःची जीप दारात उभी ठेवून हे गृहस्थ कायम आमच्या पुढच्या सीटवर. त्यांच्या तंबाखूच्या बोटांचे ठसे माझ्या अंगभर उमटले. दोन वर्षांत मी पार पिवळा पडलो.

आणखी एक गोष्ट होती. ती पुरती फक्त आबांना आणि मला माहीत. दर शनिवारी आबा मारुतीच्या देवळात तेल वाहायला जायचे. वाटीत उरलेलं तेल घरी आणायचे आणि स्नेहल स्वयंपाकघरात आहे असं बघून हळूच माझ्या अंगाला चोळायचे. दारांवरच्या हात टेकायच्या जागांनाही लावायचे. "मारुतीराया, पोरीला सांबाळ," असं पुटपुटायचे. एकदा स्नेहलच्या नव्या साडीला तेल लागलं तेव्हा ती चांगलीच चिडली होती, आणि आबांनी "बंद केलं बघ आजपासून" असं कबूलही केलं होतं. बंद कसलं! तेल चोळायचं आणि वरून कोरडं फडकं फिरवायचं, एवढीच सुधारणा झाली. मी तक्रार करत नव्हतो. इतक्या मायेनं मला दुसऱ्या कुणी कधी हात लावला नव्हता.

यंदा होळी झाल्यावर स्नेहलनं ठरवलं की आतला सगळा रंग बदलून काळा करायचा, म्हणजे मळ दिसणार नाही. माणसांची ही एक गंमतच आहे. मळ जावा असं कुणी म्हणत नाही, दिसू नये एवढंच म्हणतात.

भोरला स्टँडच्या मागे खुर्शिदाभाभींचं दुकान आहे. वीस वर्षं त्या रिक्षा-टेम्पोच्या सीटांना रेक्झीन शिवून देत होत्या. मग बाजारात तयार कव्हरं आली आणि त्यांचं मशीन आठवडा-आठवडा झाकून राहायला लागलं. म्हणून पुण्याला जाऊन त्या गाडीच्या आतलं प्लॅस्टिक आणि रेक्झीन रंगवायला शिकल्या. आमची गाडी हे त्यांचं पहिलं मोठं काम. गेनबांनी शब्द दिला होता की ही गाडी जमली तर माझी जीप देतो आणि स्टँडवरच्या ड्रायव्हर लोकांनाही पाठवतो. जमलं नाही तर दुकानाला कुलूप लावून शिरवळला कंपनीत पॅकिंगला जायचं, हे भाभींनी मनाशी पक्कं केलं होतं. स्नेहलला त्या हे हसत हसत सांगत होत्या, पण हसू काही खरं नव्हतं.

काम सुरू करण्याआधी त्यांनी विचारलं, वरून कधी पॉलिश किंवा तेल लावता का? स्नेहल म्हणाली, छे, तेल केव्हाच बंद केलंय. आबा तिथंच स्टुलावर बसले होते. त्यांना नेमका तेव्हाच समोरच्या दुकानाचा बोर्ड वाचावासा वाटला. अहो आबा, बोला की! मी आतल्या आत नुसता तडफडलो. पण डॅशबोर्डाला तोंड असतं ते फक्त एसीचं.

मग भाभींनी शिकल्याप्रमाणे केलं. शाम्पूच्या पाण्यानं धुतलं, थिनरचं फडकं फिरवलं, बारीक पॉलिश पेपरनं घासलं. मला इतक्या गुदगुल्या झाल्या! प्रायमर मारला, काळ्या रंगाचे तीन पातळ हात दिले. मी असा काही देखणा दिसायला लागलो की स्नेहलनं माझा फोटो काढून माहेरी पाठवला. पण माझ्या अंगावरच्या बारीक दाण्यांत दोन वर्षांचं तेल मुरलेलं होतं, ते कुठं जाणार?

पाचव्या दिवशी गेनबांच्या मुलाची सुपारी फोडायला विंझरला जायचं होतं. भावकीतली तीन वडीलधारी मंडळी आणि आबा मागे दाटीवाटीनं, गेनबा पुढे. झाडून सगळे पांढऱ्या कपड्यांत, कडक इस्त्री, वर टोपी. ऊन असं की नसरापूर सोडलं आणि मला घाम फुटला. तेलावरचा रंग दुधावरच्या सायीसारखा सरकायला लागला. गेनबांना सवय अशी, की प्रत्येक वळणाला ब्रेक जणू माझ्याच पोटात आहे असं समजून दोन्ही हातांनी मला दाबायचं. दाबलं, मग कपाळ पुसलं, मग टोपी सारखी केली. मागच्यांनी दारावर कोपरं टेकली होती.

विंझरला मांडवापाशी उतरल्यावर बायकांनी तोंडाला पदर लावले. मुलीच्या मामांनी अगदी काळजीनं विचारलं, वाटेत गाडी ढकलावी लागली का? सुपारी फुटली, सोयरीक झाली, पण गेनबांचं डोकं फिरलं ते फिरलंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाभींना कामथडीला बोलावून घेतलं. त्या एसटीनं आल्या. अंगणात गेनबा तोंड सुटल्यासारखे बोलत होते. जीप तर देणार नाहीच, वर स्टँडवर एकेकाला सांगणार, असं सगळं. भाभी गाडीत वाकल्या. त्यांनी नखानं माझा कोपरा खरवडला, बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला. मग वर बघितलं ते थेट आबांकडे. आबा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

भाभींना सगळं कळलं होतं. आता बोलतील असं मला वाटलं, आणि बोलल्या असत्या तर त्यांचं काहीच चुकलं नसतं. पण भरल्या अंगणात म्हाताऱ्या माणसाला मान खाली घालायला लावायचं त्यांच्या जिवावर आलं.

"माज्याकडून धुणं कमी पडलं," त्या म्हणाल्या. "स्नेहल, मी परत करून देते. गेनबादादा, तुमी जीप देऊ नका, माजं काय म्हणणं न्हाई."

डोक्यावरचा पदर सारखा करून त्या पिशवी उचलायला लागल्या. मला भरून आलं. वीस वर्षांचं दुकान माझ्यापायी बंद होणार, आणि मी ढिम्म प्लॅस्टिक!

तेवढ्यात आबा उठले.

"गेनबा, गप बस. चूक तिची न्हाई, माजी हाय. देवाचं उरल्यालं तेल म्या ह्याला चोळत हुतो, दर शनवारी. सुनंला बंद केलं म्हणून सांगितलं आन् चोरून लावलं. दुकानात इच्यारलं, तवा बी त्वांड उघडलं न्हाई."

स्नेहल पुढं आली आणि तिनं विचारलं, "पण का आबा?"

"तू येकली जातीस. हायवेला टरक असत्यात. मला म्हाताऱ्याला दुसरं काय करता येतंय?"

स्नेहलला रागवायचं होतं, पण तिचे डोळेच भरून आले. भाभी म्हणाल्या, देवाचं तेल वाईट कसं म्हणू, फक्त त्याच्यावर रंग धरत नाही. लावायचंच असेल तर दाराच्या बिजागऱ्यांना लावा, तिथं लागतंच.

मग दोन दिवस मला परत धुतलं. ब्रश घेऊन आबा स्वतः घासायला बसले होते. इतकं घासलं की शेवटी भाभींनीच त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला. पुन्हा प्रायमर, पुन्हा तीन हात. आता मी काळा कुळकुळीत आहे आणि पुरा पावसाळा काढलाय. गेनबा अजून मला दाबतात, पण हाताला काही लागत नाही. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: माया करा, पण रंगारी विचारील तेव्हा खरं सांगा.

गेनबा थोडे दिवस रुसून होते, म्हणून स्टँडवर सांगायचं काम आबांनीच अंगावर घेतलं. बाजारच्या दिवशी ते तोच सुपारीचा सदरा घालून स्नेहलबरोबर गाडीतून भोरला जातात. स्नेहलनं दोनदा टाकून द्यायला काढला, त्यांनी दोन्ही वेळा परत आणला. ड्रायव्हर लोकांना आधी माझ्यावरून हात फिरवायला लावतात, मग कोपरावरचा काळा डाग पुढं करून सांगतात, "ह्यो माजा हाय. तिचं काम त्ये बगा."