गाव दाखवण्याचा कार्यक्रम

"इस्तरीना सदरा घाल, डोकाले तेल लाव, खांदावर रुमाल टाक. मन्हं लगीन शे का जहाजनं?"

प्रेमचंदभाऊंना वाटत होतं की आपण हे मनातल्या मनात पुटपुटतोय. डावा कान लहानपणापासूनच बंद, त्यामुळे त्यांचं मनातलं तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचं. रंजनाबाई तर हातभर अंतरावर उभ्या राहून त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत होत्या.

"जहाजनंच शे," त्या उजव्या कानाशी म्हणाल्या. "तुम्ही नुसता उभा ऱ्हावा. बोलानं काम गिरधरभाऊनं."

सावळपिंप्रीतल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पण खालच्या अंगाला बॅरेज झालं तेव्हापासून तापी गावापुढे अशी पसरून बसली होती की पहिल्यांदा पाहणाऱ्याला पलीकडचा केळीचा पट्टा म्हणजे दुसरा देशच वाटावा. सुरतेकडच्या कुठल्याशा कंपनीच्या डोक्यात आलं होतं की या पाण्यावर दुमजली क्रूझ फिरवावी, साठ प्रवासी बसवावेत आणि एखाद्या काठच्या गावात जेवणाचा मुक्काम ठेवावा. गाव कोणतं ते अजून ठरायचं होतं. आज त्यांची एक मॅडम पाहणीला येणार होती.

सरपंच गिरधरभाऊंनी तीन मुली उजवल्या होत्या. पाहुण्यांना काही दाखवायचं म्हणजे कसं दाखवायचं, याचा त्यांच्याकडे एकच नमुना होता, आणि त्यांनी तोच सगळ्या गावाला लावला. मॅडमला वरच्या गल्लीने आणायचं, खालच्या गल्लीचं नावही काढायचं नाही. उकिरड्यांवर केळीची पानं पसरायची. शाळेची भिंत रंगवून झाली आहे, तेव्हा तिच्यापुढे थोडं थांबायचं. विचारेल तेवढंच बोलायचं. म्हाताऱ्या दगूबाईंना तर बजावून ठेवलं होतं, "दगू माय, तू फक्त हसजो. तोंड उघडू नको."

"दात नहीत म्हनीसन?"

"नही, जीभ शे म्हनीसन."

सगळं ठरलं होतं. एकाच गोष्टीचं कोणी काही ठरवलं नव्हतं, ती म्हणजे म्हशीची पाठ.

घाटासमोर, पात्राच्या बरोबर मध्ये, एक काळा खडक होता. पाण्यात बसलेली म्हैस असावी, तसा. मार्चमध्ये पाणी उतरलं की त्याची पाठ उघडी पडायची आणि बगळे तिच्यावर बसायचे. आता दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते, पाणी भरपूर होतं आणि म्हैस दोन हात खाली बुडून बसली होती. ती तिथे आहे हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण बैठकीत बोलणं तिच्या जवळपास गेलं की एखाद्याला खोकला यायचा, एखादा मंडपाच्या कापडाचा रंग विचारायचा.

रंजनाबाईही गप्प होत्या. त्यांच्या गप्प राहण्याचं कारण होता त्यांचा मुलगा, भावेश.

भावेश आठ वर्षं सुरतेला होता, साड्यांवर भरतकाम करणाऱ्या मशिनींवर. दरवर्षी दिवाळीला यायचा आणि पाचव्या दिवशी बॅग भरायचा. रंजनाबाई त्याला ठेपल्यांचा डबा द्यायच्या, प्रेमचंदभाऊ बस येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहायचे, आणि दोघंही एकच वाक्य म्हणायचे, "संभाळीसन जाजो." दुसरं काही म्हणायचं नाही, असा जणू घराचा नेम होता. मुलाच्या पोटाच्या वाटेत आईबापाने उभं राहू नये.

या वर्षी मात्र पाचव्या दिवशी बॅग भरली गेली नाही. भावेश म्हणाला, जहाज आलं तर प्रवाशांची जेवणं आपल्या ओट्यावर करू. मोहिनी, त्याची बायको, लोणखेड्याच्या कॉलेजात शिकलेली. तिने पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरात 'रिव्हर व्ह्यू भोजनालय' असं लिहून तो दारावर टांगलासुद्धा. रंजनाबाई त्या पाटीखालून दिवसातून पन्नास वेळा ये-जा करत आणि दर वेळी वर बघत.

मॅडम अकरा वाजता आली. पंचविशीतली पोरगी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. वरच्या गल्लीने आली, शाळेच्या भिंतीपुढे थांबली, दगूबाईंकडे पाहून हसली. दगूबाई हसल्या आणि हसतच राहिल्या. शेवटी गिरधरभाऊंनीच त्यांना बाजूला केलं.

मग सुकराम मॅडमला होडीतून घेऊन गेला. सुकराम गावचा मच्छीमार. नदीचा तळ त्याला पायाखालच्या वाटेसारखा ओळखीचा. घाटावर उभ्या रंजनाबाईंनी पाहिलं, होडी सरळ गेली आणि मध्याजवळ येताच एखाद्या सोवळ्या बाईसारखी लांबून वळसा घेऊन पुढे निघाली. मॅडम पाण्यात यंत्र सोडत होती, आकडे टिपत होती.

रंजनाबाईंना एकदम बत्तीस वर्षांपूर्वीचा ओटा आठवला. वडील आणि लहान भावाबरोबर त्या घर बघायला आलेल्या, वडलांना पाहुणे म्हणून बसवलेलं, आणि नवरदेव असा बसवलेला की प्रत्येकजण त्याच्या उजव्या अंगालाच येईल. कोणी डावीकडे सरकलं की सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी रंजनाबाईंनी डावीकडून चार हाका मारल्या, तेव्हा काय ते कळलं. कानाचं त्यांना दुःख नव्हतं. आधी सांगितलं असतं तरी त्या हो म्हणाल्या असत्या, कारण त्या माणसाने त्या दिवशी आपल्या ताटातली जिलबी गुपचूप त्यांच्या लहान भावाला दिलेली त्यांनी पाहिली होती. पण गावभर सगळ्यांना माहीत आणि एकट्या आपल्यालाच नाही, हे मात्र त्यांना बरीच वर्षं टोचत राहिलं.

होडी परत आली. "छान खोली आहे!" मॅडम म्हणाली. "जिथे मोजलं तिथे सहा-सात मीटर." सुकराम पाण्याऐवजी स्वतःच्या पायांकडे बघत होता.

ओट्यावर पंगत बसली. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. मॅडमने दुसरी भाकरी मागितली तेव्हा गिरधरभाऊंनी भावेशकडे पाहून हळूच मान हलवली, सोयरीक जुळल्यासारखी. भावेश असा हसला की रंजनाबाईंना तो सातवीतला दिसला.

हात धुऊन मॅडमने फॉर्म काढला.

"एवढं एकच राहिलं. पाण्याखाली खडक, जुनी भिंत, झाड असं काही आहे का? गावकऱ्यांचं म्हणणं इथे लिहावं लागतं."

गिरधरभाऊंनी भरताचं पातेलं पुढे ओढलं.

"मॅडम, भरीत ल्या ना आखो," गिरधरभाऊ म्हणाले.

"माझं झालं काका, हातसुद्धा धुतले."

"ते काय, परत धुता येतस." आणि तिघांनी एकदम तिच्या ताटात भरीत वाढलं. सुकरामला खोकला आला. दगूबाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

रंजनाबाई चुलीजवळून उठल्या. दारात येऊन वर पाहिलं, पाटी जागेवर होती. त्या पाटीखालून बाहेर आल्या.

"मॅडम, लिखा," त्या म्हणाल्या. "घाटना समोर, बरोबर मझार, खडक शे. मोठा. म्हैसनी पाठ म्हनतस आम्ही त्याले. तुमनी व्होडी त्याले वळसा घालीसन गयी."

"भाभी!" गिरधरभाऊ ओरडले.

"साठ मानसं बठतीन त्या जहाजमा, गिरधरभाऊ. आपली पोर आपन सांगीसन देवो. झाकीसन देवो नही."

मॅडमचं पेन थांबलं. तिने सुकरामकडे पाहिलं. सुकरामने मान खाली घातली आणि मग हो म्हणून हलवली. तिने फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या आणि कागद मिटला.

"काकू, बरं झालं सांगितलंत. मग मोठी बोट इथे नाही लागणार. आता वरच्या गावांकडे बघावं लागेल." जाताना तिने भाकरीची तारीफ केली. नकार देऊन जाणारे पाहुणे करतात तशीच.

गिरधरभाऊ उठून गेले. सुकराम गेला. दगूबाईंनी तोंडावरचे हात खाली घेतले. मोहिनीने स्टुलावर चढून पाटी काढली आणि पदराने पुसली, जणू ती मळली होती.

भावेशने ती भिंतीला टेकवून ठेवली. "तू खरंच बोलनी माय," तो म्हणाला. "मी रविवारनी बस धरस."

रंजनाबाईंच्या ओठांवर ते नेहमीचं वाक्य आलं. संभाळीसन. त्या तिथेच अडकल्या, पुढचा शब्द निघेना.

प्रेमचंदभाऊ खांबाला टेकून बसले होते. इस्त्रीच्या सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी सोडलं, नदीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात बोलले. आख्ख्या गल्लीने ते ऐकलं.

"जहाज गयं ते जाऊ दे बापा. पोऱ्या, तू नको जाऊ."