पिवळ्या साडीचा थर

मंगलची कंबर बारा वर्षं दुखत होती आणि तेवढ्या काळात रामनगरच्या अर्ध्या बाजाराची तिला औषधं सांगून झाली होती. ना ती कधी पडली, ना धडपडली. बेळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढले, त्यातही काही निघालं नाही. दुखणं मात्र डाव्या कमरेतून निघायचं आणि पायाच्या करंगळीला जाऊन थांबायचं. दुखायचं त्या जागी रुपयाएवढा काळा डाग होता. "अंथरूण बदला," डॉक्टर म्हणाले. "फार मऊ नको, फार कडकही नको." म्हणून मुलानं, महेशनं, बेळगावहून जाडजूड गादी आणली. तिच्यावर नवरा मारुती असा घोरायला लागला की मंगल दोन दिवसांत खाली चटईवर आली. गादी लाभली ती त्याला.

शेवटी तिनं फुलाक्काला बोलावलं. फुलाक्का जुन्या साड्यांच्या वाकळी शिवायची. पाच-सहा थर, वर दाट टाके. अंगाखाली ना खड्डा, ना उंचवटा. शिवायला बसण्याआधी ती एकेक कापड हातात घेऊन विचारायची.

"हे कुणाचं?"

"सासूचं."

"गेली न्हवं?"

"गेली."

मग ते वाकळीसाठी घ्यायची. जिवंत माणसाचं कापड पाठीखाली घालायचं नाही, हा तिचा नियम. कारण विचारलं तर म्हणायची, "माझ्या सासूनं सांगितलं, मी पाळलं."

गठ्ठ्यात मंगलच्या लेकीची, रूपालीची, पिवळी सुती साडी होती. धुऊन धुऊन ती लोण्यासारखी झाली होती आणि मंगलला नेमकी तीच पाठीखाली हवी होती. रूपाली तर कॅसलरॉकला नवऱ्याच्या घरी दोन वर्षांच्या पोरीसह सुखानं नांदत होती.

"आनि ही?" फुलाक्कानं विचारलं.

"माझ्या चुलतीची. गेली ती, कवाच."

बोलून गेली आणि मंगलला कसंतरीच झालं. पण एका वाकळीचा एवढा काय बाऊ करायचा, म्हणून तिनं तो विचार झटकून टाकला.

वाकळीवर ती पहिल्यांदा झोपली ती अंगणात उन्हं आल्यावरच उठली. आठवड्याभरात तिनं घागर कमरेवर घेतली. मारुती म्हणाला, "म्हेशाची आई, आता नाचायची तेवढी ऱ्हायलीस." मंगल खळखळून हसली. बारा वर्षांनी तिचं अंग तिला स्वतःचं वाटत होतं.

महिन्याभरानं जावयाचा फोन आला. रूपालीची कंबर धरली होती, पोरीला उचलता येत नव्हतं. मंगल मिळाली त्या गाडीनं कॅसलरॉकला गेली. रूपाली भिंतीला धरून उठत होती. नात "घे, घे" करत तिच्या गुडघ्याला लोंबकळत होती आणि रूपाली दात आवळून नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत होती.

"कुठं दुखतंय गं?"

"हितनं निघतंय आई, आनि पार करंगळीपतोर जातंय."

मंगलनं तेल कोमट केलं, लेकीला पालथं निजवलं आणि पदर बाजूला केला. डाव्या कमरेवर रुपयाएवढा काळा डाग होता. तिनं बोटानं तो पुसून पाहिला. डाग गेला नाही. सगळं अंग गरम होतं, तेवढी जागा मात्र गार होती.

"काय झालं गं आई?"

"काय न्हाई. पड गप."

मग ती न्हाणीत गेली, कडी लावली आणि लेकीच्या आरशात स्वतःची कंबर पाहिली. ती स्वच्छ होती.

परतीच्या गाडीत तिला आपली आई आठवली. लहानपणी आईची पाठ चोळताना हाच डाग तिनं पाहिला होता. आई तेव्हा वाकून चालायची. मग बारा वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, "तुझं जुनं हिरवं लुगडं दे, वाकळीला कमी पडतंय." त्यानंतर म्हातारी ताठ चालायला लागली आणि मंगलची कंबर धरली. आई गेली तेव्हा शेवटची आंघोळ मंगलनंच घातली होती. कमरेवर डाग नव्हता. रडण्याच्या भरात ते ध्यानातही आलं नव्हतं. आई गेली आणि दुखणं इथंच राहिलं. जिवंत होती तोवर फोनवर आधी तेच विचारायची, "कंबर कशी हाय गं तुझी?" मंगलला वाटायचं, माया.

आईला ठाऊक होतं. मंगलला असा संताप आला की म्हातारी समोर असती तर तिनं तिला धरून गदागदा हलवलं असतं.

घरी आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, तिनं वाकळ उसवायला घेतली. टाका निघेल तशी कंबर भरत येत होती. पिवळी साडी सुटी झाली तेव्हा मंगलला भिंत धरूनच उठावं लागलं. संध्याकाळी रूपालीचा फोन आला. "आई, तुझ्या तेलाला गुन आला बग! पोरीला कडेवर घेतलीया." मागून नात खिदळत होती. मंगलच्या सोसण्याचं चीज झालं.

दोन दिवस तिनं दात आवळून काढले. पूर्वी दुखण्याची सवय होती. महिनाभराच्या सुखानं ती मोडली होती. पाचव्या दिवशी जेवायला बसताना डोळ्यांपुढं अंधारी आली. सहाव्या दिवशी दुपारी मारुती बाहेर अंगणात होता, तेव्हा ती साडी जाळून टाकायला चुलीपाशी बसली. जाळली की कायमचा मोह संपला. जाळ चांगला लागला होता. तिनं साडी जवळ नेली आणि परत मांडीवर घेतली.

"पोर तरनी हाय," ती चुलीला म्हणाली. "तरन्या अंगाला निभतंय. चार दिवस नुसतं झोपून घेते."

तिनं सुई ओवली. टाके फुलाक्कासारखे सरळ आले नाहीत, पण आले. शेवटची गाठ मारून ती वाकळीवर आडवी झाली आणि करंगळीपासून वरपर्यंत सगळं दुखणं ओसरून गेलं.

अंगणात फोन वाजला. मारुती मोठ्यानं काहीतरी विचारत होता, मग धावत दारात आला. "म्हेशाची आई, रूपाली पडली गं! पोरीला कडेवर घेऊन पायऱ्यांवरनं पडली. ऊठ लवकर!"

मंगलनं सगळं ऐकलं. "येते म्हना," ती डोळे न उघडता म्हणाली आणि कूस बदलली.