मेहुण्याचं कव्हर

मेहुण्याने मोबाइल डोक्याइतका उंच धरला आणि कातळावर सोडून दिला. खाडकन आवाज झाला, मोबाइल उडून गवतात पडला. त्याने तो उचलून बहिणीपुढे नाचवला. साधा ओरखडासुद्धा नव्हता. बसमधून उतरल्यापासूनचा हा तिसरा प्रयोग होता.

बहीण हसली. तिचा नवरा, घड्याळजी, हसला नाही. या मेहुण्याची त्याला मनस्वी चीड होती. मोबाइल चारचौघांसारखाच, पण अंगावर चिलखत: जाडजूड काळं रबर, कोपऱ्यांना पत्रे, वर झाकण, आणि झाकण खटकन मिटावं म्हणून त्यात लोहचुंबक. घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर करणाऱ्या या वीराला कुठली लढाई लढायची होती कोण जाणे. टोपीवरचं लेबलही अजून तसंच लोंबत होतं.

बेत मात्र त्याचाच होता, आणि बहिणीसाठी होता. पाय मोडल्यापासून ती कित्येक महिने घरात होती. प्लास्टर निघालं तरी जिना उतरायला घाबरायची. डोंगरामागच्या तळ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी पोचले तर सोमवारपासून पुन्हा शाळेत शिकवायला जाईन, नाहीतर राजीनामा देईन, असं तिने मनाशी ठरवलं होतं. घड्याळजीला ते माहीत होतं.

पायथ्याच्या वनखात्याच्या चौकीवरच्या रखवालदाराने तळ्यासाठी सरळ उत्तरेला जायला सांगितलं. रेंज नव्हती आणि आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. मेहुण्याने झाकण मागे दुमडलं, मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि तो ऐटीत उभा राहिला. घड्याळजीने डोकावून पाहिलं. झाकण जरा हललं की काटाही हलत होता.

चुंबकाने बिघडलेली घड्याळं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. एका नजरेत सगळं कळलं. तो सांगणारच होता, तेवढ्यात मेहुणा म्हणाला,

"भावोजी, हे चिमट्याने टिकटिक करण्याइतकं सोपं नाही. मागून या माझ्या."

घड्याळजीने तोंड मिटलं. होऊ दे याची शोभा, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला फार बरं वाटलं. तो हसलासुद्धा.

शोभा व्हायला बराच वेळ लागला. खडी चढण, काटेरी झुडपं, उतार, पुन्हा चढण. बायको मागे पडत चालल्याचं त्याने पाहिलं. पण अजून थोडं, याचं तोंड पुरतं उतरू दे, मग बोलू, असं करत तो चालत राहिला. शेवटी तिघं एका कड्यावर आले. खाली तीच चौकी दिसत होती. बायको मटकन दगडावर बसली आणि तिने बूट काढला. घोटा टम्म सुजला होता.

आता घड्याळजी पुढे झाला. त्याने मेहुण्याच्या हातून मोबाइल घेतला आणि कव्हर ओरबाडून काढलं. काटा गर्रकन फिरून भलतीकडेच स्थिरावला. मग त्याने लोहचुंबकावर एक छोटंसं व्याख्यान दिलं, अगदी सावकाश, शब्द चघळत.

मेहुण्याचं तोंड उतरलं. पण त्याने वाद घातला नाही. "माझ्यामुळे झालं, ताई," एवढं म्हणून तो खाली बसला आणि तिचा पाय त्याने मांडीवर घेतला. घड्याळजीची निराशा झाली. एवढ्यावरच भागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

बायको त्याच्याकडे बघत होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच. काटा बघितल्यावर."

"काटा तुम्ही चौकीपाशी बघितलात. बघून हसलात. मला वाटलं, मी चालायला लागले म्हणून हसताय."

घड्याळजीने कव्हर उगाच या हातातून त्या हातात केलं. चूक त्याची आहे, असं काहीतरी तो पुटपुटला.

"हो, त्याची चूक झाली," ती म्हणाली. "तुमची नाही झाली."

ती भावाच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. घड्याळजीने दुसऱ्या बाजूने हात पुढे केला. तिने त्या हातात बूट दिला, आणि लंगडत चौकीकडे उतरताना शाळेला राजीनामा कसा कळवायचा ते ती भावाला विचारू लागली.