डॅशबोर्डपर्यंतचं पाणी

गाडी मेली तर वेंडेल स्टेसीला सहा हजार आठशे डॉलर सुटत होते. जगली तर काहीच नाही, उलट कुबट वासाचा गालिचा, ओल्या सीटा आणि दुरुस्तीतले पहिले पाचशे स्वतःच्या खिशातून. हे गणित त्याला शनिवारी सकाळी चर्चच्या आवारात, मदतीच्या पाण्याच्या रांगेत, मावसबहीण टॅमीने समजावलं. टॅमी पूर्वी दोन वर्षं एका विमा कंपनीत फोन उचलायला होती. तेवढ्या भांडवलावर क्रेन फोर्कच्या खोऱ्यात ती विम्यातली जाणकार समजली जायची.

"पाणी डॅशबोर्डला लागलं की टोटल लॉस, म्हणजे गाडीची पूर्ण किंमत हातात," ती म्हणाली. "सीटपर्यंतच राहिलं तर गालिचा बदलून देतात नि हात झटकतात. तुझ्या गाडीत कुठवर चढलं होतं?"

"सीटपर्यंत."

"मग बस नव्या गालिच्यावर."

गुरुवारी रात्री ओढा फुगला तेव्हा खोऱ्याच्या वरच्या अंगाला अकरा घरं होती आणि चौदा गाड्या. सकाळी घरं नऊ उरली. गाड्यांपैकी काही पुलाच्या खांबाला एकमेकींवर चढून बसल्या होत्या, काहींचा पत्ताच नव्हता. एकटी वेंडेलची करडी सेडान तंबाखूच्या कोठाराजवळ चढावर होती म्हणून अर्धीच भिजली. किल्ली फिरवली की नुसती टकटक करायची, पण तिच्यात जीव आहे असं सगळ्यांना वाटत होतं. आणि सगळ्यांना तो हवाही होता, कारण वेंडेलच्या आईला, लॉरीनला, सोमवार-बुधवार-शुक्रवार सव्वीस मैलांवर डायलिसिसला न्यावं लागायचं. बुधवारचं झालं होतं. शुक्रवारचं पुराने खाल्लं. सोमवार चुकवायचा नाही, एवढं खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

म्हणून ओटिस नेपियर शनिवारी दुपारी पायी वर आला. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त केलेली. त्याचा स्वतःचा ट्रक ओढ्याने नेला होता, तरी हत्यारांची पेटी वाचली म्हणून गडी खुशीत होता.

"कितीदा सेल्फ मारलास?" त्याने पहिलंच विचारलं.

"दोनदा. तीनदा असेल."

"देवाने तुला दोन हात दिले ही त्याची चूकच झाली. आत पाणी असलं तर काय होईल ठाऊक आहे? हवा दाबली जाते, पाणी नाही दाबलं जात. मग वाकतो तो पिस्टन ढकलणारा लोखंडी दांडा." त्याने आधी बॅटरीची तार सोडली. डिपस्टिक ओढून तेल बोटांत चोळलं. "दुधाच्या चहासारखं झालं असतं तर रडायचं होतं. चांगलं आहे." मग हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं. कागद कोरडा. "इंजिनाच्या पोटात गेलेलं नाही. प्लगांच्या खड्ड्यांत भरलंय आणि तारा भिजल्यात, बाकी काही नाही. लॉरीन! तुमच्याकडे टर्कीवर रस सोडायची ती रबरी पिचकारी आहे का?"

"आहे," ओसरीवरच्या खुर्चीतून लॉरीन म्हणाली. तिच्या घोट्यांवर शुक्रवारपासून सूज चढली होती, पण जीभ शाबूत होती. "पण परत आणून द्या. थँक्सगिव्हिंगला तुमच्या इंजिनाचं पाणी वाढायचं नाही मला."

ओटिसने पिचकारीने चारही खड्डे उपसले. तांबूस गढूळ पाणी निघालं, तळाशी रेती. प्लग काढून त्याने लॉरीनच्या बिडाच्या तव्यात मांडले, गॅसच्या मंद आचेवर ठेवले आणि भोकांत चिंध्या कोंबल्या.

"तारा सुकायला उद्याचा दिवस जाऊ दे. सोमवारी सहाला येऊन जोडतो. सात वाजता तुम्ही रस्त्यावर."

"उद्याच जोडा की," लॉरीन म्हणाली. "देव एवढ्या पुरातून दमलाय, रविवारी काय बघतोय तुमच्याकडे?"

"देव नसेल बघत. पण रविवारी मी पान्याला हात लावत नाही. खाणीतसुद्धा लावला नाही." मग वेंडेलकडे वळून, "आणि तू तर कुठल्याच वारी लावू नकोस."

वेंडेल वाईट माणूस नव्हता. बेचाळीस वर्षांचा, लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून पडेल ते काम करणारा, आईची औषधं वेळेवर देणारा. सहा हजार आठशेत त्याने मनातल्या मनात चारही चाकांना ओढ असलेली एक जुनी पिकअप घेऊनही टाकली होती. उंच सीटची. बर्फातही आईला नेता येईल अशी. म्हणजे त्याच्या हिशेबात सगळं आईसाठीच होतं. हिशेब करणाऱ्या माणसाला अशी एक ओळ नेहमी सापडते. सोमवारचीही त्याने तजवीज केली होती. चर्चजवळ काउंटीच्या मदतकेंद्रातल्या बाईने वहीत नाव लिहून घेतलं होतं: लॉरीन स्टेसी, डायलिसिस, सोमवार सात, व्हॅन. व्हॅन येणार, मग सोमवारपुरती गाडी नसली तरी काय बिघडतं?

रविवारी सकाळी खोरं चर्चला उतरलं. लॉरीन आत झोपली होती. वेंडेलने चिंध्या काढल्या. ओढ्याचं पाणी आणायला चिखलात उतरावं लागलं असतं, आणि काठावर मेलेल्या गायीचा वास होता. ओसरीवर मदतीतून मिळालेल्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचा खोका होता. त्याने दोन बाटल्या चार भोकांत वाटून ओतल्या, तव्यातले प्लग आवळले, बॅटरीची तार जोडली आणि किल्ली फिरवली.

एकच आवाज आला. ठक. कुणी घरातल्या फरशीवर घण टाकावा तसा.

मग त्याने प्लग परत काढून तव्यात ठेवले, चिंध्या कोंबल्या, तार सोडली. चिखल कालवून डॅशबोर्डवर आणि दरवाजांच्या आतून एक रेघ ओढली, सीटबेल्टही पूर्ण बाहेर ओढून माखला. नुकसान बघायला येणारे विम्याचे सर्व्हेअर तिथेच बघतात असं टॅमीने सांगितलं होतं.

"काय आपटलं रे?" आतून लॉरीनने विचारलं.

"बॉनेट."

सोमवारी सहाला ओटिस आला. चिंध्या काढल्या, आत टॉर्च मारला. पिचकारी बुडवून वर धरली. उजेडात ते पाणी नितळ दिसत होतं, पिण्याजोगं. ओटिसने वेंडेलकडे पाहिलं नाही. त्याने ओसरीवरच्या खोक्याकडे पाहिलं, दोन रिकाम्या जागांकडे. मग भोकं उपसली, चार भोकांत चार लाकडी काड्या सोडल्या आणि पान्याने इंजिन हाताने सावकाश फिरवलं. एकेक काडी पाळीपाळीने वर येऊन खाली जाऊ लागली. दोन पूर्ण वर आल्या. उरलेल्या दोन बोटाच्या पेरभर कमी राहिल्या.

"दोन दांडे वाकलेत," तो म्हणाला.

"कसे काय?" वेंडेलने विचारलं. हा प्रश्न त्याने आदल्या दिवसापासून घोकून ठेवला होता.

ओटिसने प्लग लावले, तार जोडली. "तरी मारून बघू. दोनावर चालली तर खाली चर्चपर्यंत तरी जाईल." इंजिन खाकरलं, चक्क लागलं. ओसरीवर लॉरीनने टाळी वाजवली. दहा सेकंद ते कण्हत चाललं, मग आतून काहीतरी फुटलं आणि खडीवर काळं तेल पसरलं.

"राहू द्या," वेंडेल म्हणाला. "काउंटीची व्हॅन येतेय सातला."

"कुठे येतेय?"

"इथे. नाव लिहून घेतलंय."

"अरे लेका, व्हॅन डांबरी सोडून चढत नाही. त्यांचा नियम आहे तो. ती खाली चर्चपाशी थांबेल."

साडेसहा वाजले होते. चर्च दोन मैल. फोनचा मनोरा गुरुवारीच आडवा झाला होता.

कोठारात एक ढकलगाडी होती, शेणखत वाहायची. तिच्यात रजई घालून त्यांनी लॉरीनला बसवलं. तिला दम लागत होता. ओठ बधिर झालेत म्हणाली, पण हसली. "लग्नात मला खेचरावरून आणलं होतं तुझ्या बापाने. ही गाडी त्यापेक्षा बरी. हिला निदान लाथ मारता येत नाही."

रस्ता कुठे होता, कुठे नुसते गोटे. दोघे आळीपाळीने ढकलत होते, वाहून गेलेल्या जागी चाकासकट उचलत होते. वेंडेलच्या तळहातांची सालटं निघाली. वाटेत लॉरीनने विचारलं, "ओटिस, गाडीला झालं तरी काय? परवा तर तुम्ही म्हणालात, पोटात गेलं नाही."

वेंडेल खाली बघत ढकलत राहिला.

"माझ्याच नजरेतून सुटलं, लॉरीन," ओटिस म्हणाला. "आत पाणी राहिलं होतं. म्हातारा झालो मी."

"मग आता थँक्सगिव्हिंगची टर्की तुमच्याकडे," ती म्हणाली. 

चर्चच्या पायरीवर पाद्रीबाईंनी सांगितलं, व्हॅन सातला आली होती, वीस मिनिटं भोंगा वाजवला आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे गेली. तेव्हा सव्वाआठ झाले होते. सकाळभर ते रस्त्याकडे डोळे लावून बसले. लॉरीनचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले. कुणीतरी तिला टोमॅटोचं सूप दिलं, वेंडेलने ते हातातून काढून घेतलं, कारण मूत्रपिंडं निकामी असल्याने टोमॅटो तिला वर्ज्य होता. "आत्ता बरं आठवतं तुला काय वर्ज्य ते," ती म्हणाली. तिला काय म्हणायचं होतं हे त्याला कधी कळलं नाही. दुपारी दीडला सैन्याचा ट्रक मिळाला. दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. यंत्राला जोडायच्या आधीच, चारला दहा कमी असताना, ती गेली.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर ओटिस टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "मी रविवारी जोडायला हवी होती."

वेंडेलला सांगायचं होतं, की नाही काका, तुमचं काही चुकलं नाही. तोंड उघडलं. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. त्याने तोंड मिटलं आणि म्हाताऱ्याला ते ओझं तसंच घरी नेऊ दिलं.

गुरुवारी दफन झालं. शुक्रवारी सर्व्हेअर आली, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली तरुण मुलगी, नाव डॅरिया. तिने गाडीचं दार उघडलं, वास घेतला, दार लावलं. डॅशबोर्डकडे पाहिलंही नाही. सीटबेल्ट ओढला नाही. गाडीखालचं तेल ओलांडून ती फॉर्म भरायला लागली.

"बघत नाही तुम्ही?" वेंडेलने विचारलं. "पाणी कुठवर होतं ते?"

"गरज नाही. सीटखाली वायरिंग असतं, सीटपर्यंत चढलं की आम्ही टोटल धरतो. या काउंटीत तर गेल्या शनिवारीच हुकूम आलाय. चालू असली तरी टोटल." तिने पेन झटकलं. "बरंच झालं तुम्ही वापरली नाहीत. चालवली असतीत तरी पैसे तेवढेच मिळाले असते म्हणा. इथे सही करा."

त्याने सही केली. तळहाताची जखम पेनाला लागली.

दोन आठवड्यांनी चेक आला. पहिले पाचशे वजा जाऊन कंपनीने सहा हजार तीनशे भरले. त्यातले पाच हजार नऊशे दफनवाल्याने घेतले. ओटिस नेपियरने एक खोटं स्वतःच्या नावावर घेतलं आणि एक रविवार, आणि त्यानंतर खोऱ्यात कुणाच्या गाडीला हात लावला नाही. वेंडेलच्या हाती चारशे आले. बाकी सगळं लॉरीनने भरलं.