डावा हात

जोतीराम बारा वर्षं पलूसकडच्या एका शाळेत गणित शिकवत होता. शिकवायला येतं असा कागद मात्र त्याच्याकडे नव्हता. सदुसष्टच्या जूनमध्ये हेडमास्तरांची खुर्ची रिकामी होणार होती. संस्थेनं सांगितलं, बी.एड. झालात तर तुम्ही, नाहीतर दुसरा कोणी. म्हणून अडतिसाव्या वर्षी तो सांगलीच्या ट्रेनिंग कॉलेजात पोरासोरांशेजारी बाकावर बसला.

तिथं त्याला कळलं, की आपण इतकी वर्षं करत होतो त्याला पायऱ्या असतात. पाठाआधी करायच्या टाचणात प्रश्न लिहायचा आणि शेजारी पोरांचं अपेक्षित उत्तरही लिहायचं. जोतीरामनं अनुभवाला जागून एका ठिकाणी ‘वर्ग गप्प’ असं लिहिलं. प्राध्यापकांनी त्याखाली लाल रेघ ओढली.

बाकावरचा सोबती लालासाहेब मलकापूरचा. पुस्तकात नसलेलं सगळं त्याला येत होतं. परीक्षकासमोर घ्यायचा वार्षिक पाठ जवळ आला तशी त्यानं युक्ती सांगितली.

"आदल्या दिवशी पोरांना सांगून ठेवायचं. येतंय त्यानं उजवा हात वर करायचा, येत न्हाई त्यानं डावा. तू उजव्यालाच विचार. परीक्षकाला काय, सगळा वर्ग हुशार."

"ही लबाडी झाली."

"लबाडी कसली, गड्या? येत न्हाई म्हणून पोरगं खरंच सांगतंय की. फकस्त तुला सांगतंय, एवढंच."

जोतीरामनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी विश्रामबागेतल्या सराव-शाळेत जाऊन सातवीच्या वर्गाला सांगून आला.

पाठ शेकडेवारीचा. मागच्या बाकावर परीक्षक वही उघडून बसले. पहिल्या प्रश्नाला बेचाळीस हात वर. दुसऱ्याला तितकेच. परीक्षकांची मान डोलली. जोतीराम मात्र डावे मोजत होता: नऊ, मग चौदा. चौथ्या प्रश्नाला एकोणीस झाले. जवळजवळ निम्मा वर्ग हात वर करून त्याला सांगत होता, की गुरुजी, आमच्या डोक्यावरनं चाललंय.

आणि टाचणात तर पुढचा प्रश्न होता.

त्यानं तिसऱ्या रांगेतल्या साळूला उठवलं. तिचा डावा हात तसाच वर राहिला. ती घाबरून म्हणाली, "गुरुजी, माझा डावा हाय."

वर्ग हसला. परीक्षकांनी चष्मा वर केला.

"व्हय, दिसतोय," जोतीराम म्हणाला. त्यानं फळा पुसला, शंभर ठिपके काढले आणि मुळापासून सुरुवात केली. घंटा झाली तेव्हा साळूनं उजवा हात वर केला होता आणि टाचणातल्या दोन पायऱ्या तशाच राहिल्या होत्या.

निकालात लेखी पास, पाठात नापास. लालासाहेब पहिल्या वर्गात आला. पलूसकडच्या शाळेत हेडमास्तर म्हणून तासगावचा कोणी रुजू झाला.

बायको राहीबाई सगळं ऐकून म्हणाली, "आवं, पर पोरीला आलं का न्हाई?"

"आलं."

जोतीरामनं ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज भरला. विषय गणितच ठेवला. आदल्या दिवशी पोरांना काय सांगायचं, ते मात्र त्याचं अजून ठरत नव्हतं.